मोबदला आणि न्याय

मनुष्याचें घर त्याच्या इच्छेविरुद्ध मोडलें गेलें, तर तें देणें कशानें फिटतें, हा प्रश्न वरवर पाहतां हिशेबाचा वाटतो. घर बांधण्यास अमुक रुपये लागले, जमिनीचा बाजारभाव अमुक, झाडें इतकीं, विहीर एक. बेरीज करावी, तींत कांहीं भर घालावी, आणि रक्कम मोजून पावती घ्यावी. आपल्याकडील सरकारी कचेऱ्या शतकाहून अधिक काळ हेंच करीत आल्या आहेत. आणि ज्यांचीं घरें गेलीं त्यांपैकीं पुष्कळांनीं त्या पावतीवर अंगठा किंवा सही उठविलेलीहि आहे. असें असतां तींच माणसें, आणि त्यांच्यामागून त्यांचीं मुलें-नातवंडें, तीस-तीस चाळीस-चाळीस वर्षें आपणांस न्याय मिळाला नाहीं असें म्हणत राहतात. यावर सुशिक्षितांच्या बैठकींत दोन मतें ऐकूं येतात. एक म्हणतो, लोभाला अंत नसतो. दुसरा म्हणतो, रक्कम कमी पडली असेल, ती थोडी वाढवावी. आमच्या मतें हीं दोन्ही मतें एकाच गृहीतावर उभीं आहेत. तें गृहीत असें कीं, मोबदला पुरेसा झाला म्हणजे त्याचाच न्याय होतो. प्रस्तुत निबंधांत या गृहीताची तपासणी करावयाची आहे. आणि ती केवळ तर्कानें न करितां, ज्या पनवेल तालुक्यांत गेल्या अर्धशतकांत हा प्रश्न गांवोगांव प्रत्यक्ष उभा राहिला, त्याच्या आधारें करावयाची आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. 'मोबदला' या शब्दाचा मूळ अर्थ अदलाबदल. दोघे जण बाजारांत भेटतात, एक तांदूळ देतो, दुसरा मीठ देतो. दोघांचीहि मर्जी असते आणि दोघेहि संतुष्ट होऊन घरीं जातात. 'भरपाई' या शब्दांत मर्जीचा संबंध नाहीं. जेथें खळगा पडला तेथें माती टाकून तो भरावयाचा, एवढाच त्याचा अर्थ. खळगा कोणीं पाडला आणि कां पाडला, याची चौकशी भरपाई करीत नाहीं. 'न्याय' मात्र नेमकी तीच चौकशी करतो. ज्याचें गेलें त्याला काय मिळालें, एवढ्यावर न्याय थांबत नाहीं. ज्यानें नेलें त्याचें वर्तन कसें होतें, नेतांना ज्याचें होतें त्याला कोणी विचारिलें कीं नाहीं, आणि नेल्यावर तो कोणत्या स्थितींत उरला, हेंहि न्यायाला पहावें लागतें. सक्तीनें घेतलेल्या वस्तूच्या किंमतीला आपण मोबदला म्हणतों, तेव्हां जेथें सौदा झालाच नाहीं तेथें सौद्याचा शब्द वापरतों. भाषेची ही लहानशी सोय मनाची मोठी सोय होऊन बसते.

आतां पनवेलकडे वळूं. मुंबईच्या खाडीपलीकडे नवें शहर वसविण्याचें ठरून मार्च १९७० मध्यें सिडको ही संस्था स्थापन झाली, आणि तत्कालीन ठाणें व कुलाबा या दोन जिल्ह्यांतील, म्हणजे ठाणें, पनवेल व उरण या भागांतील, ९५ गांवांच्या जमिनी संपादनाखालीं आल्या. भातशेती, मिठागरें आणि खाडींतील मासळी यांवर जगणारा हा प्रदेश. वस्ती मुख्यतः आगरी व कोळी समाजाची. या शेतकऱ्यांच्या दृष्टीनें १९७० हें साल काय होतें, हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. याच जिल्ह्यांत, अलिबाग तालुक्यांतील चरी येथें, नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानें १९३३ पासून १९३९ पर्यंत कुळांनीं संप केला होता. शेत पिकवावें आपण आणि धान्य जावें खोताच्या कोठारांत, या व्यवस्थेविरुद्ध तो होता. डॉ. आंबेडकरांनीं १९३७ मध्यें मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. पुढें कूळकायद्याअन्वयें १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरून कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या जमिनींत राबलेल्या माणसाचें नांव सात-बाऱ्यावर मालक म्हणून चढलें तें या वेळीं. आणि त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनीं तोच उतारा संपादनाच्या यादींत आला. या जमिनीचा बाजारभाव काढणारा अधिकारी गुंठे मोजूं शकत होता. परंतु तें नांव चढण्यास किती पिढ्या लागल्या, हें त्याच्या कोष्टकांत मावण्याजोगें नव्हतें.

ज्या कायद्याखालीं हें संपादन झालें तो १८९४ चा. त्यांतील दोन तरतुदी विचारी वाचकानें शेजारीं शेजारीं ठेवून पहाव्या. कलम २३ म्हणतें कीं, बाजारभावावर शेंकडा पंधरा रुपये अधिक द्यावे, कारण संपादन सक्तीचें आहे. १९८४ च्या दुरुस्तीनें ते शेंकडा तीस झाले. लागलीच कलम २४ म्हणतें कीं, रक्कम ठरवितांना मालकाची जमीन सोडण्याविषयींची नाखुषी न्यायालयानें मुळींच विचारांत घेऊं नये. म्हणजे सक्ती झाली हें कायद्याला मान्य. तिचा ठरीव दर देण्याचीहि त्याची तयारी. परंतु ज्या मनावर सक्ती झाली त्या मनाला पुराव्यांत प्रवेश नाहीं. शिवाय किंमत धरावयाची ती पहिली अधिसूचना निघाली त्या दिवसाची. त्यामुळें १९७० चा भाव पुढें कित्येक वर्षांनीं हातीं पडलेल्या रकमेला लागला, आणि तोंपर्यंत शेजारच्या जमिनीचे भाव शहराच्या चाहुलीनें कोठल्या कोठें गेले. आम्ही हें एकट्या कायदे करणाऱ्यांना दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. नाखुषी रुपयांत मोजतां येत नाहीं, हें त्यांचें म्हणणें खरें आहे. पण जें मोजतां येत नाहीं तें नाहींच, असें धरून चालणें ही तर्काची उडी आहे. आणि या एका उडींत अर्धशतकाचें भांडण सांठलेलें आहे.

नाखुषीचा हा प्रश्न जुना आहे. बायबलांत नाबोथ नांवाच्या एका मनुष्याची कथा आहे. त्याचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता व राजा अहाब याला तो भाजीपाल्यासाठीं हवा होता. राजानें सांगितलें, याहून चांगला मळा देतों, किंवा पैसे घे. नाबोथ म्हणाला, हें माझ्या वडिलांचें वतन आहे, तें मी देणार नाहीं. पुढें राणीनें खोटे साक्षीदार उभे करून त्याचा जीव घेतला. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, राजाच्या देकारांत उणें कांहीं नव्हतें. कदाचित् तो बाजारभावाहून सरस होता. अन्याय शिरला तो नकार सहन होईना त्या क्षणीं. आपल्याकडेहि मीमांसकांनीं एक प्रश्न घातला आहे. विश्वजित् यज्ञांत यजमानानें सर्वस्व दान करावयाचें असतें. मग सार्वभौम राजानें हा यज्ञ केला तर त्यानें पृथ्वीहि दान द्यावी काय? जैमिनीच्या सूत्रांत उत्तर नकारार्थी आहे, कारण भूमि सर्वांना सारखीच आहे. राजाचा अधिकार रक्षणाचा आणि रक्षणाबद्दलच्या भागाचा, मालकीचा नव्हे. दोन्ही परंपरांचा कल एकच दिसतो: राज्यसत्ता जमिनीची राखणदार आहे, आणि राखणदाराला जेव्हां तीच जमीन हवी असते, तेव्हां त्यानें इतरांहून अधिक सांभाळून पाऊल टाकलें पाहिजे.

यावर कोणी म्हणेल कीं, नाबोथचा मळा एका राजाच्या हौसेसाठीं हवा होता. येथें तर लक्षावधि लोकांच्या निवाऱ्याचा प्रश्न होता. मुंबई बेट कोंदून गेलें होतें, नवें शहर हवें होतें, बंदर हवें होतें, पुढें विमानतळ हवा झाला. प्रत्येक शेतकऱ्याच्या नकाराला नकाराधिकार मानलें, तर एकहि रस्ता सरळ जाणार नाहीं. हा आक्षेप खरा आहे व त्याला बगल देऊं नये. आमचेंहि म्हणणें प्रत्येक नकार अखेरचा मानावा असें नाहीं. कांहीं प्रसंगीं समाजाला व्यक्तीच्या नाखुषीवरून पुढें जावें लागतें. मात्र ॲरिस्टॉटलनें न्यायाचे जे दोन प्रकार सांगितले, ते येथें उपयोगी पडतात. एक वांटपाचा न्याय: समाजानें मिळून जें मिळविलें त्यांत कोणाचा वांटा किती. दुसरा दुरुस्तीचा न्याय: एकानें दुसऱ्याचें हिरावलें, तें कसें परतवावें. सार्वजनिक हितासाठीं जमीन घेणारें सरकार बहुधा असें समजतें कीं, हित सार्वजनिक आहे म्हणून दुरुस्तीचा प्रश्नच उरला नाहीं. आणि किंमत दिली आहे म्हणून वांटपाचाहि उरला नाहीं. खरें पाहतां दोन्ही प्रश्न दुप्पट जोरानें उभे राहतात. हित सर्वांचें असेल तर त्याचा बोजा थोड्यांनींच कां वाहावा? आणि बोजा त्यांनींच वाहिला, तर उभ्या राहिलेल्या शहरांत त्यांचा वांटा कोठें?

ही गोष्ट तत्त्ववेत्त्यांच्या आधीं येथील शेतकऱ्यांनीं ओळखली. जासईचे दि. बा. पाटील (१९२६-२०१३) यांनीं वकील, आमदार व खासदार या नात्यांनीं या प्रश्नास वाहून घेतलें. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं उरण भागांत जासई-दास्तान फाटा परिसरांत आंदोलकांवर गोळीबार झाला व पांच जण मृत्यु पावले. त्या लढ्यांतून जी मागणी रुजली, तिचें नैतिक स्वरूप फार उद्बोधक आहे. तोंपर्यंतची तक्रार किंमत वाढवा अशी होती. आतां म्हणणें असें झालें कीं, आमच्या जमिनीवर जें शहर होणार त्यांतील विकसित जमिनीचा भाग आम्हांस द्या. १९९० मध्यें साडेबारा टक्क्यांची योजना आली ती या मागणीची सरकारदरबारीं झालेली ओळख होय. शंभर एकरांमागें साडेबारा एकर विकसित भूखंड परत. त्यांतूनहि सामाजिक सोयींसाठीं पावणेचार टक्के वजा होऊन हातीं पावणेनऊ. आंकडा तोकडा आहे, आणि तो पदरीं पडण्यास कित्येकांना वर्षानुवर्षें कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. परंतु तत्त्व मोठें आहे. किंमत घेऊन मनुष्य व्यवहाराच्या बाहेर जातो. वांटा घेऊन तो व्यवहारांत राहतो. पहिल्यांत त्याला निरोप दिला जातो, दुसऱ्यांत त्याला आसन दिलें जातें.

आतां शेत सोडून घराकडे येऊं; कारण घराचा प्रश्न शेताहून सूक्ष्म आहे. नव्या शहराच्या आराखड्यांत मूळ गांवठाणें बहुतेक ठिकाणीं जागच्या जागीं ठेवण्यांत आलीं, आणि भोंवतालचीं शेतें संपादिलीं गेलीं. नकाशावर ही उदारता दिसते. पण गांव म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हे. मुलगा मोठा होतो, त्याचें लग्न होतें, एका चुलीच्या दोन होतात. पूर्वीं अशा वेळीं घराला लागून असलेल्या आपल्याच शेतांत एक खोली उभी रहात असे. आतां तें शेत दुसऱ्याचें झालेलें. गांवठाणाची हद्द ठरवितांना माणसें वाढणार आहेत हें ध्यानांत घेऊन ती वेळच्या वेळीं वाढवावयास हवी होती. ती तशी वाढली नाहीं. कुटुंबें मात्र वाढलीं, आणि लोकांनीं बांधावयाचें तेथेंच बांधलें. येथील बोलींत या घरांना 'गरजेपोटीं बांधलेलीं घरें' म्हणतात, आणि हें नांव एखाद्या कायदेपंडिताला सुचलें नसतें इतकें नेमकें आहे. कागदावर त्यांचें नांव अतिक्रमण. ज्या मातींत आजा राबला, त्या मातींत नातू अतिक्रमणकारी ठरतो आणि घर पाडणारें यंत्र दारांत येतें. हीं घरें नियमित करण्याचे निर्णय शासनानें २०१० पासून वेळोवेळीं काढले. एकाच गोष्टीसाठीं पुनःपुन्हा निर्णय काढावे लागणें हाच पहिला निर्णय अपुरा पडल्याचा पुरावा. यांत सर्वच बांधकामें गरजेचीं आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. गरजेच्या आडोशानें भाड्याच्या चाळी आणि विक्रीच्या इमारतीहि उठल्या, हें कोणीहि डोळे उघडे ठेवणारा सांगेल. पण लोभ आणि गरज यांतील भेद ओळखणें हेंच न्यायाचें काम होय. दोहोंना एकाच शब्दाखालीं झांकणें हें कामाची टाळाटाळ करणें होय.

याहूनहि कठीण स्थिति ज्यांच्याजवळ उतारा नव्हताच त्यांची. खाडी कोणाच्याहि सात-बाऱ्यावर नसते. पण जाळें टाकणाऱ्या कोळ्याचें शेत तेंच. मिठागरावरचा मजूर, दुसऱ्याच्या शेतांत लावणी करणारी बाई, गांवाच्या कडेला राहणारा कातकरी, यांच्या नांवावर गुंठाहि नव्हता. मग साडेबारा टक्के कशाचे? महाराष्ट्रानें हा धडा पूर्वींहि पाहिला आहे. मुळशी खोऱ्यांत टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळांत सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे यांनीं सत्याग्रह चालविला, तेव्हांहि पैशाचा मोठा भाग ज्यांच्याकडे जमिनी गहाण वा नांवावर होत्या त्या सावकारांकडे वळला, आणि ज्या मावळ्याचें जगणें बुडालें त्याच्या हातीं फारच थोडें लागलें. मोबदला मालकीला मिळतो, हानि मात्र जगण्याची होते. आणि मालकी व जगणें हीं नेहमीं एकाच माणसाच्या ठायीं असतात असें नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९८५ मध्यें मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यांत, जो ओल्गा टेलिस यांच्या नांवानें ओळखला जातो, जीविताच्या हक्कांत उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे असें ठरविलें. परंतु त्याच निकालानें योग्य सूचना देऊन पदपथ मोकळे करण्यास मुभाहि दिली; झोपड्यांना मिळाला तो पावसाळा उलटेपर्यंतचा अवधि. तत्त्व गगनाएवढें आणि पदरीं एक पावसाळा: आपल्या हक्कविचाराची उंची आणि त्याची पोंच यांतील अंतर याहून स्पष्ट कोठें दिसेल?

विमानतळाच्या वेळीं कांहीं गोष्टी सुधारल्या, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, वरचें ओवळें, वाघिवली, वाघिवलीवाडा, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे अशीं दहा गांवें येथें समूळ उठावयाचीं होतीं. आतां प्रश्न गांवठाणासकट सर्व घरांचा होता. वाटाघाटी होऊन २०१३-१४ च्या सुमारास जें ठरलें त्यांत जमिनीबद्दल साडेबावीस टक्के विकसित भूखंड, आणि घराबद्दल घराच्या क्षेत्राच्या तिप्पट भूखंड व बांधकामास साहाय्य, अशी व्यवस्था होती. वडघर, करंजाडें, वहाळ यांच्या आसपास नव्या वसाहती झाल्या. उलव्याची टेकडी सुरुंगांनीं उतरविली, नदीचा प्रवाह वळविला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें. साडेबारांचे साडेबावीस होणें हें १९८४ च्या रक्ताचें फळ होय, आणि तें लहान नव्हे. तरीहि एक गोष्ट हिशेबाबाहेर राहिली. घरें एकेकट्यानें मोजलीं गेलीं. गांव मोजलें गेलें नाहीं. गांवदेवीचें देऊळ, विहीर, होळीची जागा, स्मशान, कोणाच्या ओट्यावर संध्याकाळीं कोण बसतो याची शंभर वर्षांची रीत, यांचा मालक कोण? सर्व मिळून मालक, म्हणून सहीच्या कागदावर कोणीच मालक नाहीं. सहीहि एकेकट्याची: शेजाऱ्यानें घर मोडलें, चौथ्यानें मोडलें, वीज गेली, शाळा हलली, सुरुंगाचे धोंडे ऐकूं येऊं लागले, आणि मग अखेरच्यानें दिलेली संमति ही संमति म्हणावयाची कीं एकाकीपणाची कबुली?

आतां मूळ प्रश्न. अशा हानीची तडजोड होऊं शकते काय, आणि कोणत्या अटींवर? परदेशांतील एक उदाहरण येथें प्रकाश टाकतें. तुर्कस्तानच्या आग्नेय भागांत १९९२ मध्यें केलेकची नांवाच्या कुर्द गांवांतील घरें जाळलीं गेलीं. गांवकरी युरोपीय मानवी हक्क न्यायालयांत गेले. १९९६ मध्यें न्यायालयानें ठरविलें कीं, घर जाळणें हा खाजगी व कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग आहे, आणि मालमत्तेच्या हक्काचाहि. हा भेद पहावा: एकाच आगींत दोन निरनिराळे हक्क जळाले. पुढें अशा तक्रारींचा पूर आला. कित्येक प्रकरणांत त्या सरकारनें तक्रारदारांशीं तडजोड केली. रक्कम दिली आणि घडल्याबद्दल खेद व्यक्त करून असें पुन्हा न घडण्याची हमीहि दिली. २००४ मध्यें त्या देशानें भरपाईचा स्वतंत्र कायदा करून मंडळें नेमलीं, आणि २००६ मध्यें न्यायालयानेंच सांगितलें कीं, तक्रारदारांनीं आधीं त्या मंडळांकडे जावें. व्यवस्था लागली, पैसे वांटले गेले; पण मंडळापुढील कागदांत पुन्हा झाडें, जनावरें आणि चौरस मीटर यांचाच हिशेब राहिला. घर कोणीं जाळलें, हा प्रश्न उत्तराविनाच मिटला. तडजोडीचा गुण असा कीं, म्हातारा मनुष्य जिवंत असेपर्यंत त्याच्या हातीं कांहीं पडतें. तिचा दोष असा कीं, ती बोलणें थांबविण्याची किंमत होऊं शकते.

दोहोंतील सीमा कोठें आंखावी? आमच्या मतें चार कसोट्या पुरेशा आहेत. पहिली, नाहीं म्हणण्याची मोकळीक. ज्याला नकार देतां येत नाहीं त्याच्या होकाराला वजन नसतें. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यानें खाजगी प्रकल्पांस शेंकडा ८० व सरकारी-खाजगी भागीदारीच्या प्रकल्पांस शेंकडा ७० बाधितांची संमति आवश्यक केली, ती याच जाणिवेनें. दुसरी, घडलें त्याचें खरें नांव घेणें. सक्ती झाली असेल तर तडजोडीच्या कागदावर 'सक्ती' हा शब्द असावा. गोळी चालली असेल तर 'अनुचित प्रकार' असें लिहूं नये. तिसरी, वांटा. ज्याच्या जागेवर नवी संपत्ति उभी राहते त्याला तिच्यांत भाग असावा, आणि ज्याच्याजवळ उतारा नाहीं त्याच्या श्रमाचीहि त्यांत मोजणी व्हावी. चवथी, करणाऱ्याचें उत्तरदायित्व. १३ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें घरें पाडण्याच्या प्रकरणांत आधीं पंधरा दिवसांची नोटीस आवश्यक ठरविली, आणि नियम मोडून घर पाडणाऱ्या अधिकाऱ्याला तें स्वतःच्या खर्चानें पुन्हा उभें करून द्यावें लागेल असें बजाविलें. ही कसोटी सर्वांत नवी आणि सर्वांत अधिक दुर्लक्षित. कारण भरपाई नेहमीं सरकारी तिजोरींतून जाते, आणि तिजोरीला लाज नसते.

एक शेवटचा आक्षेप उरतो. बापानें पैसे घेतले, सही केली. मुलानें पुन्हा कां मागावें? मग या देण्याला अंत तरी कधीं? आक्षेप रास्त आहे. प्रत्येक पिढीनें प्रत्येक करार उकलला तर कोणाचेंच घर स्थिर राहणार नाहीं. नव्या शहरांत कष्टानें सदनिका घेणाऱ्याचेंहि नाहीं. किंमतीचा करार बापाचा बाप संपवूं शकतो, हें आम्ही मान्य करतों. परंतु गांवाची वाढ, खाडीवरचा हक्क, आणि आपण या भूमीचे उपरे नव्हे हा मान, या गोष्टी बापाच्या एकट्याच्या नव्हत्याच. मग त्या त्यानें विकल्या असें कसें म्हणावें? विमानतळाला दि. बा. पाटलांचें नांव द्यावें, यासाठीं २०२१ मध्यें येथील हजारों लोक रस्त्यावर उतरले, आणि २०२२ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें तसा ठरावहि केला. व्यवहारी माणसाला हें नवल वाटतें कीं, भूखंडासाठीं भांडणारे लोक एका पाटीसाठीं इतके कां झगडावे? नांवानें पोट भरत नाहीं, हें ते जाणतात. तरी नांव मागण्यांत ते म्हणत आहेत कीं, येथें कांहींच नव्हतें आणि मग शहर झालें, असें लिहूं नका. हीच ती नाखुषी, जी कलम २४ नें हिशेबाबाहेर ठेवली होती. पुराव्यांत जागा मिळाली नाहीं म्हणून ती अखेर पाटीवर जागा मागते.

आमच्या वाचकांपैकीं बरेच जण वाशी, नेरूळ, खारघर अथवा नवीन पनवेल येथील वसाहतींत राहत असतील, किंवा त्यांचे आप्त तरी राहत असतील. त्यांनीं घराच्या पायाबद्दल अपराधी वाटून घ्यावें असें आम्ही सुचवीत नाहीं. त्यांनीं पैसे मोजले आहेत आणि सचोटीनें मोजले आहेत. परंतु ज्या शहराचा लाभ आपण घेतों त्याच्या न फिटलेल्या देण्याविषयीं आपणांस मतच नसावें, हें सुशिक्षितपणाला शोभत नाहीं. शेजारच्या गांवठाणांत घर पाडावयास गाडी आली म्हणजे आपल्या गच्चीवरून तें पाहतांना 'अतिक्रमण' हा शब्द ओठांवर सहज येतो. तो उच्चारण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: या घराला गांवाची हद्द वेळेवर वाढवून मिळाली होती काय? भूखंड ठरला होता तो हातीं आला काय? नोटीस मिळाली, आणि उत्तर देण्यास अवधि मिळाला काय? उत्तरें होकारार्थी असतील तर कायद्याला आपलें काम करूं द्यावें. नसतील, तर देणेकरी कोण आणि घेणेकरी कोण, याचा निकाल अजून लागावयाचा आहे. आणि तो लागेपर्यंत तें घर उभें राहूं देणें हा न्यायाचा सर्वांत स्वस्त भाग आहे.